दबोराच्या कानातला बोळा

खोटं वाटेल, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, दबोराच्या बाबतीत. १९९९ चा डिसेंबर. शिरूरहून दौंडला येणारी संध्याकाळची एसटी.

दबोरा नुकतीच बाळंतीण झालेली. डाव्या कानात सारखा रातकिडा ओरडायचा. उठली की घर गरगरायचं. लेकीला, कृपाला, कडेवर घ्यायची भीती वाटायची... हातातून पडली तर?

"एका लेकरात ही गत," सासूबाई म्हणायच्या. "दुसऱ्याला काय पाळण्यात तुलाच झोपवायची व्हय?"

पण शेवटी त्याच तिला शिरूरला घेऊन गेल्या. तिथं मच्छिंद्र आप्पा चिनी सुया टोचायचे.

आप्पांनी नाडी पाहिली. जीभ पाहिली.

"चिनी वैद्य म्हणत्यात, कान म्हंजी मूत्रपिंडाचं दार. बाळंतपणात तिथलं सत्त्व आटलं. खाली पाणी न्हाई, मग वर वारं सुटतं. म्हणून घेरी. आता कान दाब, पोरी. आवाज कमी झाला तर अशक्तपणा. वाढला तर यकृताची आग."

दबोरानं कान दाबला.

आवाज कमी झाला नाही. वाढलाही नाही.

तो... गप्प झाला.

चाहूल लागल्यावर कुणी श्वास धरून बसावं, तसा.

तिनं सांगितलं. आप्पांचा हात सुईवरच थांबला.

"असं होत न्हाई," एवढंच म्हणाले.

घोट्याजवळ सुया टोचल्या. वाळक्या पाल्याची कांडी पेटवून कानाला शेक दिला. मग कापसाचा बोळा घट्ट बसवला.

"घरी जाईस्तवर काढू नको. काढलास की लगीच चुलीत."

"का, आप्पा?"

"चुलीत म्हणलं ना."

एसटीत बसली आणि दबोराच्या लक्षात आलं... रातकिडा नव्हता. डोकं स्थिर होतं. कितीतरी दिवसांनी तिनं लेकीला न घाबरता मांडीवर घेतलं.

"सुया लागू पडल्या म्हणायच्या!" सासूबाई हसल्या.

न्हावरं मागं पडलं. खिडकीची काच अडकलेली. गार वारं थेट आत येत होतं. कृपा कळवळून रडायला लागली. तिच्या कानातला कापूस कुठंतरी पडला होता.

इवलेसे कान. बर्फासारखे.

दबोरानं स्वतःच्या कानातला ऊबदार बोळा काढला. बोटांनी मऊ केला. लेकीच्या डाव्या कानात घातला.

कृपा रडायची थांबली.

एकदम...

घरी आल्यावर चूल पेटवून बोळा काढायला गेली. कानात नव्हता. टोपड्यात नव्हता. दुपट्यात नव्हता.

दबोराला पुन्हा कधी घेरी आली नाही. कृपा मात्र उभी राहायला लागली तशी पडायला लागली. डॉक्टरांनी कान तपासले. काही सापडलं नाही. दबोरा पुन्हा शिरूरला गेली. आप्पांनी दार उघडलं, एवढंच विचारलं, "जाळला का?" तिनं नाही म्हणताच दार लावून घेतलं.

आता कृपा चार वर्षांची आहे. बोलते. भिंत धरून चालते. दबोरा रोज तिचा डावा कान दाबून विचारते, "कमी झाला का गं?"

"गप बसतो."

मग दबोरा आपला कान लेकीच्या कानाला लावते. हळूच म्हणते, "ये. परत माझ्यात ये. लेकराला सोड."

परवा मी समोरच बसले होते. कृपा ऐकत राहिली. मग आईच्या गालावरून हात फिरवला.

"आई... तो न्हाई म्हणतोय."