ताईने अक्षर मोठं केलं

रात्र नव्हती, हे आधीच सांगतो.

दुपार होती. बाहेर कडक ऊन होतं आणि आम्ही दोघंही टक्क जागे होतो. ज्यांना भास वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. मी तिथे होतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून ती पत्रिका, बॅनर, फोटोंवर नावं घालणं असलं काम करते. त्या खोलीमागे मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग परसदार. आई होती तोवर या घरात दिवसभर एकच खेळ चालायचा. ताई खुर्चीतून न उठता हाक मारायची, "आई..." आई जिथे असेल तिथून म्हणायची, "ओ." आणि हात पुसत पुसत यायची.

"काय गं बयो? काय हवंय?"

"काही नाही. असंच."

"असंच म्हणे. पाय काय भाड्याने आणलेत मी?"

गेल्या थंडीत आई गेली. त्या घराचा आवाजच गेला. ताई एकटी राहिली, आणि फोनवर मला एकच सांगायची, "बाकी सगळं ठीक आहे रे. हाक मारायला कुणी नाही, एवढंच."

त्या दुपारी तिने मला बोलावलं ते फॉन्ट बसवायला. एका गिऱ्हाइकाला लेकीच्या फोटोवर हाताने लिहिल्यासारखं अक्षर हवं होतं. ताईने कुठल्याशा साइटवरून फॉन्टचा गठ्ठाच उतरवून घेतला होता. मी तो उघडला, सगळे निवडले, इन्स्टॉल केले. फोटोचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. त्याशिवाय नवे फॉन्ट यादीत दिसत नाहीत.

"आता एकेक लावून बघ," मी म्हणालो. "पहिली वेलांटी घे, जोडाक्षर घे. तिथेच फुटतात मेले."

ताईने टाइप केलं... आई.

"यात कुठे आलं जोडाक्षर? काय कळणार तुला?"

"मला कळतं. तू गप बस, धाकट्या."

एक फॉन्ट झाला. दुसरा झाला. नुसती वळणं बदलत होती.

मग एक साधासा आला. गोल, जरासा कलंडलेला. आईचं अक्षर मी ओळखतो, ते हे नव्हतं. फॉन्टचं नाव मुद्दाम सांगत नाही.

आकार बारीक होता. पडद्यावर मुंगीएवढं "आई" उमटलं.

आणि लांबून... फार लांबून...

"ओ."

ताईचा हात माउसवरच थांबला.

"शेजारचं कुणीतरी असेल," मी म्हणालो.

ताईने शब्द पुसला. पुन्हा तोच टाइप केला.

"ओ."

तेवढ्याच लांबून. आमच्या परसदारापलीकडे, जिथे घरं संपतात, तिथून.

ताईने आकार वाढवला. शब्द बोटभर झाला.

"ओ..."

आता परसदारातून.

माझ्या लक्षात आलं, रस्त्यावरचे आवाज बंद झाले होते. पंखा फिरत होता, पण त्याची घरघर येत नव्हती. ऐकू येत होती फक्त एक चप्पल. डावी. आईची घासायची तशी घासत चालणारी.

"ताई, पुरे."

"थांब रे जरा."

तिने आणखी मोठं केलं.

स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागलं.

"ओ... आले गं, आले."

आवाज आईचाच होता. पण दमलेला. आजारपणातही आई इतकी दमलेली नव्हती. लांबून, चढाने, ओझं घेऊन आलेल्या माणसासारखी ती धापा टाकत होती.

"ती चालत येतेय, ताई. दर वेळी तेवढं चालतेय ती."

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"एकदाच बघू दे."

तिने आकार एवढा वाढवला की शब्द पडद्यात मावेना. आ-चा काना तेवढा दिसत राहिला. काळा. उभा. दाराच्या फटीसारखा.

मधल्या दाराचा पडदा आत फुगला.

पडद्याखाली पाय नव्हते. फरशी होती, ऊन होतं. पण माझ्या आणि ताईच्या मध्ये कुणीतरी श्वास घेत होतं...

"काय गं बयो? काय हवंय?"

इतक्या महिन्यांनी. एवढ्या लांबून.

आणि ताईच्या तोंडून सवयीने निघालं...

"काही नाही. असंच."

मग तो श्वास तेवढा हळूहळू ऐकू येईनासा झाला.

मी सॉफ्टवेअर बंद केलं, फॉन्ट काढून टाकला. पंख्याची घरघर परत आली. रस्ताही वाजू लागला.

परत जाणारी चप्पल मात्र आम्ही ऐकली नाही.

"माझ्याकडे राहायला चल," मी म्हणालो. ताई आली नाही. थोड्या दिवसांनी तिचाच फोन आला.

"आईला परतीची वाट सापडत नव्हती रे. घरभर फिरत होती. आता निघालीय."

"तुला कसं कळलं?"

"हाक मारते ना मला. बयो, बयो, करत. काल परसदारातून मारली. आज त्याच्याही पलीकडून."

"तू ओ देऊ नकोस."

"आईने हाक मारली तर ओ द्यायची नाही? तुला कुणी शिकवलं असलं?"

हे ती बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक येत होता. बायको म्हणाली, रेंज नसेल. मी त्याच दिवशी निघालो.

ताई खुर्चीत बसली होती. अंगाने चांगली, जेवलेली, केस विंचरलेले. मी तिच्यासमोर बसलो.

"ताई."

तिचे ओठ हलले. "ओ."

आवाज आला तो स्वयंपाकघरातून.

डॉक्टरांनी घसा पाहिला. घसा ठणठणीत. कान पाहिले, तिचेही आणि माझेही. "विश्रांती घ्या," म्हणाले. घरी आल्यावर मी पुन्हा हाक मारली. समोर ओठ हलले, आणि परसदारातून कुणीतरी म्हणालं, "ओ."

तेव्हापासून मी इथेच आहे. मी बोलतो, ती मान हलवते, हसते. कधी मध्येच दाराकडे तोंड करून ओठ हलवते. मला तिकडून काही ऐकू आलेलं नसतं.

परवा मी तो फॉन्ट शोधून पुन्हा उतरवून घेतला. बसवला नाही. "ताई" असं टाइप करून अक्षर मोठं करत नेलं तर ती येईलही जवळ. पण धापा टाकत येईल. आणि येऊन मला विचारेल, काय हवंय. मला तर तीच हवी आहे, आणि ती समोरच बसलेली आहे.

आज सकाळी हाक मारली. ताईने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले.

मी कान देऊन बसलो.

रस्त्यावरून शाळेची पोरं ओरडत गेली. मग तो गलकाही विरला.

तिची ओ अजून ऐकू आलेली नाही.