खडकाजवळचा ठिपका

भिंतभर पसरलेल्या पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. यंत्रहोडीचा (माणसाशिवाय चालणाऱ्या होडीचा) हिरवा ठिपका मेंढ्या खडकाला अगदी खेटून उभा होता. पण तिच्यावरचा कॅमेरा दाखवत होता नुसतं पाणी. तिथे खडक नव्हता, आणि हेमांगीच्या बाबांची होडीही नव्हती.

बाबांचं इंजिन सकाळी बंद पडलं होतं. "मेंढ्या खडकाजवळ हाय, होडीत पानी भरतंय," एवढं वायरलेसवर सांगून ते गप्प झाले. गावची रीत अशी, की समुद्रात कुणाला शोधायचं तर ठिकाण सगळ्यांनी मिळून बघायचं. म्हणून अख्खा कोळीवाडा मच्छीमार सोसायटीत जमला होता. यंत्रहोडीचा प्रोग्रॅम हेमांगीने आपल्या शास्त्रज्ञ आजोबांच्या मदतीने लिहिलेला. नकाशावर बोट टेकवलं, की होडी तिथे निघायची.

"अगो, मोठा कर ना! मागं काय पन दिसत नाय," कुणीतरी ओरडलं होतं. हेमांगीने नकाशाची खिडकी (पडद्यावरची चौकट) भिंतभर ताणली, आणि आईने खडकाशेजारी बोट टेकवलं.

आता आईचा चेहरा पांढराफटक पडला. "बुडाली काय गो होडी?"

हेमांगीला रडूच फुटलं.

"नकाशा मोठा झाला, हे तुझ्या प्रोग्रॅमला कुणी सांगितलं?" आजोबांनी हळूच विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं.

"खिडकी आधी होती तेवढी कर. माणूस पहिला, चूक मागून बघू."

तिने खिडकी लहान केली. आईने पुन्हा बोट टेकवलं. दूर समुद्रात यंत्रहोडी वळली, पण पोचायला वेळ लागणार होता. नुसती बसली तर पोर रडत राहील, हे आजोबांना ठाऊक होतं.

"मूळची खिडकी किती रुंद?"

"आठशे पिक्सेल." (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा बारीकसा प्रकाशठिपका.)

"आणि तेवढ्यात समुद्र किती?"

"चाळीस किलोमीटर."

"भिंतीवर तीच खिडकी सोळाशे झाली. आईचं बोट डावीकडून सहाशेव्या पिक्सेलवर पडलं."

हेमांगीने डोळे पुसले. "सोळाशेतले सहाशे म्हणजे पंधरा किलोमीटर. प्रोग्रॅमने ते आठशेतले सहाशे धरले... म्हणजे तीस! वरून खालीही तसंच दुप्पट."

"मंग ठिपका खडकाजवल कसा दिसला?" आईने विचारलं.

"ठिपका काढतानाही त्याने जुने आठशेच धरले, आई. जाताना जी चूक, तीच येताना. म्हणून ती पडद्यावर दिसलीच नाही."

"मग काय लक्षात ठेवायचं?" आजोबा म्हणाले. "पिक्सेल नाही, प्रमाण (एकूण रुंदीतला वाटा). दोर आखूड असो की लांब, अर्धा तो अर्धाच."

हेमांगीची बोटं भराभर चालू लागली. खिडकीचा आकार बदलला, की संगणक प्रोग्रॅमला वर्दी देतो. आजवर ती वर्दी तिने वाऱ्यावर सोडली होती. आता दर वर्दीला प्रोग्रॅम नवी रुंदी आणि उंची विचारून घेणार होता. बोट टेकवलं, की त्या मापांनी भागायचं आणि समुद्रातली खरी जागा काढायची. ठिपका काढायचा, तर त्याच मापांनी गुणायचं.

"आता मोठी कर," आजोबा म्हणाले.

खरं सांगायचं तर सगळेच घाबरले होते. तिने खिडकी ताणली. नकाशा वाढला, आणि हिरवा ठिपका त्याच्याबरोबर सरकत खडकाकडच्या आपल्या वाटेवरच राहिला.

थोड्या वेळाने कॅमेऱ्यात काळा खडक आला. त्याच्या आडोशाला होडी अर्धी बुडाली होती, आणि एक माणूस डब्याने पाणी उपसत होता. त्याने मान वर केली. सोसायटीत एकच आरडाओरडा झाला. आई मात्र मटकन खाली बसली आणि रडू लागली.

बाबा यंत्रहोडीत चढेपर्यंत कुणी हललं नाही. मग सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "शेजारच्या गावांना पन दे गो ह्यो तुजा प्रोग्रॅम. पन त्यांच्या भिंती आपल्याएवढ्या नाईत."

हेमांगी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "असू देत कितीही. आता तो आधी विचारून घेतो."