डावं मूत्रपिंड

हे खरं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. मला हे लमदुआन सिस्टरने सांगितलं. ऑपरेशन थिएटरमध्ये एकोणतीस वर्षं काढलेली बाई, उगाच घाबरणारी नव्हे.

थायलंडमधलं खोन केन, मार्च महिना. आणि रात्रबित्र नाही हं... भर दुपार.

डॉ. अदुन यकृत आणि मूत्रपिंड बदलणारे सर्जन. बावीस वर्षं एकच ध्यास. शरीराबाहेर काढलेलं मूत्रपिंड मशीनवर चोवीस तास जिवंत ठेवायचं. त्यांच्या हातून दहा तासांपुढे एकही टिकलं नव्हतं.

आमच्याकडे दात्याला सुरी लावण्याआधी सगळे हात जोडतात. सर्जन दात्याला नावाने हाक मारतो आणि काय काय नेणार ते एकेक करून सांगतो. माणूस गेलेला असला म्हणून काय झालं, न विचारता घ्यायचं नाही.

त्या दिवशी टेबलावर मालिवन होती. बाजारात कच्च्या पपईची कोशिंबीर विकायची. ट्रकने उडवलं.

"मालिवनताई, तुमचं यकृत नेतो. उजवं मूत्रपिंड नेतो. ते मूत्रपिंड फिकुन बाईंना देणार आहे. शाळेत शिकवतात, दोन लहान मुली आहेत त्यांना."

डावं काळंनिळं निघालं. कुणाला बसवण्याच्या लायकीचं नव्हतं. संशोधनासाठी घरच्यांची सही होतीच. अदुननी ते प्रयोगशाळेत नेलं आणि चार वाजता मशीनवर चढवलं.

डावंही नेतोय हे मालिवनला सांगायचं मात्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लमदुआन आयसीयूतून धावत खाली प्रयोगशाळेत आली. अदुनना सगळे आचान म्हणतात, म्हणजे गुरुजी.

"आचान, फिकुन बाईंची लघवीची पिशवी कोरडी आहे. काल उजवं बसवल्यापासून एक थेंब नाही."

"रक्त जातंय ना मूत्रपिंडात?"

"सगळं व्यवस्थित आहे. म्हणून तर..."

टप्प.

मशीनखालच्या बाटलीत लघवीचा थेंब पडला. मग आणखी एक. काळंनिळं मूत्रपिंड गुलाबी झालं होतं. बाटली अर्धी भरली होती.

लमदुआनचा चेहरा उतरला.

"आचान... डावं नेतोय हे तुम्ही मालिवनला सांगितलंच नाहीत."

"सिस्टर आहेस की मांत्रिक?"

"हसा खुशाल! ती अजून खाली शवागारात आहे. चारच्या आत घरचे घेऊन जातील. मशीन बंद करा, तिचं तिला द्या, माफी मागा. मी येते सोबत."

अदुननी घड्याळ पाहिलं. दोन वाजून दहा. चारला चोवीस तास पुरे होणार होते.

"चारनंतर बघू."

"अहो, वर बाई मरतेय!"

"डायलिसिस लावलंय ना? चारनंतर."

ती रागाने निघून गेली. अदुन स्टुलावर बसले. आनंद व्हायला हवा होता. निदान भीती तरी. काहीच होत नव्हतं. डब्यातला चिकट भात बोटांनी गोळा करून खाल्ला, त्याला चवच नव्हती.

तीन वाजले... आणि पंपाची घरघर थांबली.

पंप चालूच होता. आवाज तेवढा बंद झाला होता.

एसीचाही नाही. व्हरांड्यातल्या चपलांचाही नाही.

फक्त... टप्प.

तीन पन्नासला फोन वाजला. लमदुआन रडत होती. फिकुन बाई गेल्या.

अदुन "बरं" म्हणाले. फोन ठेवला. आणखी दहा मिनिटं तिथेच बसले. चारला वहीत वेळ लिहिली आणि पंप बंद केला.

टप्प.

त्यांनी नळ्या सोडवल्या. मूत्रपिंड डब्यात ठेवून झाकण लावलं. बाटली धुऊन उपडी घातली.

टप्प...

शवागारात पोचले तर मालिवनला घेऊन गाडी गेलेली. तिसऱ्या दिवशी स्मशानात तो डबा तिच्या शवपेटीवर ठेवून त्यांनी माफी मागितली. पण फिकुन बाई काही परत येणार नव्हत्या.

शोधनिबंध गाजला. बँकॉकला सत्कार झाला. फिकुन बाईंच्या मुलींना आजतागायत कुणी काही सांगितलेलं नाही.

अदुन अजून ऑपरेशन करतात. दात्यापुढे हात जोडून सांगतात. यकृत. उजवं मूत्रपिंड. डावं म्हटलं की थांबतात, नळांकडे बघतात. नळ बंद असतात.

"लमदुआन, ऐकलंस?"

"नाही, आचान."

मला मात्र ती म्हणाली, दर वेळी ऐकू येतं. हो म्हटलं तर त्यांचा हात थरथरेल, आणि वर वॉर्डात कुणीतरी मूत्रपिंडाची वाट बघत असतं.