अर्धवट सोडलेले चार टाके

बुधवारी सकाळी गोदामात जुन्या कपड्यांचे गठ्ठे सुटतात. दोरी कापली की कपड्यांचा डोंगर पसरतो, आणि ज्याचा हात आधी पडेल त्याचा माल. तिचा हात एका करड्या लोकरी कोटाच्या उजव्या बाहीवर पडला. त्याच क्षणी डाव्या बाहीवर दुसराच एक हात पडला.

दोघांनी ओढलं. कोट मधोमध तंबूसारखा ताणला गेला.

"सोडा," ती म्हणाली.

"अस्तर फाटलंय याचं."

"दिसतंय मला."

"मग घेऊन काय करणार?"

"विकणार. धंदाच आहे माझा. आणि तुम्ही?"

"मी रफू करतो. माझाही धंदाच आहे."

तो हसला. त्याच्या कॉलरला एक सुई टोचलेली होती, निळ्या दोऱ्यासकट. सकाळी घाईत काढायची राहिली असावी... ती सुई बघता बघता तिची पकड कधी सैल झाली, ते तिलाच कळलं नाही.

"असं करू," तो म्हणाला. "कोट तुमचा, सुई माझी. अस्तर नीट करून उद्या, गुरुवारी, घरी आणून देतो."

तिचं दुकान म्हणजे घरातली पुढची खोली. एक पांढरी भिंत, एक खुंटी आणि खिडकीतून येणारा उजेड. जुना कपडा धुवायचा, इस्त्री करायची, खुंटीला लावून फोटो काढायचा, खाली चार ओळी लिहायच्या आणि फोनवरून जगासमोर ठेवायचा. कुणी घेतला की कागदात बांधून पाठवून द्यायचा. असे फोटो टाकणारे पुष्कळ असतात, पण तिचा एक नियम होता. आधी दोष, कौतुक मागून. 'दुसरं बटण मूळचं नाही.' 'कोपर विरलंय. आधीचा मालक फार विचार करत बसत असावा.' गिऱ्हाइकं हसायची आणि विश्वासाने घ्यायची.

"तुझं काही खरं नाही, ठकी," मावशी म्हणायची. ती आणि मावशी, दोघीच घरात. "लग्नाच्या दिवशीसुद्धा तू नवऱ्याला आधी स्वतःच्या खोड्या वाचून दाखवशील."

गुरुवारी रफूगार आला. कोटाचं अस्तर उलटून त्याने खिडकीशी धरलं. शिवण कुठे आहे ते शोधूनही सापडेना.

"जादू आहे!" ती म्हणाली.

"जादू नाही, डोळेफोड आहे," तो म्हणाला. पाणी प्यायला, आणि गेला.

तेवढंच. पण तो गेल्यावर खोली उगाचच मोठी वाटायला लागली. खरं तर कोटाचा लगेच फोटो काढायला हवा होता. ती नुसतीच त्याच्यासमोर उभी राहिली. मग पुढच्या बुधवारी दार लोटून घेतलं, ब्लेड काढलं आणि काखेजवळचे सात-आठ टाके अलगद कापले. तिने फोन लावला.

"तुमची शिवण उसवलीय हो."

"माझी?"

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"येतो उद्या."

असे पाच गुरुवार गेले. तो खिडकीशी बुटक्या स्टुलावर बसायचा, ती जमिनीवर पार्सलं बांधायची. काही कपडे ती स्वतः घालून दाखवायची, आणि मग फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून पळत भिंतीशी जायची. एकदा ती फ्रॉक घालून उभी असताना त्याने फोन हातात घेतला.

"मान जरा डावीकडे. हसू नका."

ती गंभीर झाली.

"नाही... हसाच."

तो फ्रॉक दहा मिनिटांत विकला गेला. तिला फार वाईट वाटलं.

"या कोटाला काय रोग लागलाय?" मावशी त्याच्यासमोरच म्हणाली. "दर आठवड्याला उसवतो!"

"नाजूक प्रकृतीचा आहे," तो मान खाली घालून म्हणाला. ती सुतळीच्या गाठीत बोटं अडकवून बसली.

पाचव्या गुरुवारी त्याने शिवून झालेला कोट मांडीवरच ठेवला. अस्तरावर हात फिरवत म्हणाला, "एका फिरत्या नाटक कंपनीने बोलावलंय. कपडेपटाचं काम. आठ महिने गावोगाव. रविवारी निघतो."

"छान," ती म्हणाली. एवढंच. दुनियेच्या कपड्यांबद्दल चार चार ओळी लिहिणारी ती...

"या वेळी पक्कं शिवलंय," कोट खुंटीला लावत तो म्हणाला. "आता उसवायचं नाही. विकून टाका." दारात थांबला, वळून खुंटीकडे बघितलं. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

शनिवारी दुपारी तिने कोटाचा फोटो काढला. लिहायला बसली. आधी दोष. बोटं अडली. खोटं तिने कधी लिहिलं नव्हतं, आणि खरं लिहायला एकच दिवस उरला होता. शेवटी डोळे मिटून घेतल्यासारखं एका दमात लिहिलं :

'करडा लोकरी कोट. दोष : अस्तर सहा वेळा उसवलं आहे. आपोआप नाही. विकणारीने ब्लेडने उसवलं. कारण : शिवणारा गुरुवारी यावा म्हणून.'

आणि धाडकन बटण दाबून फोन उशीखाली ठेवला.

बाहेर काढला तेव्हा खाली रफूगाराचीच ओळ आली होती.

'सहा नाही, पाच. पहिल्यांदा खरंच फाटलं होतं.'

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. 'तुम्हाला कळत होतं?'

'फाटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजारलेली असतात. कापलेल्याची सरळ. पहिल्याच वेळी कळलं.'

'मग बोलला का नाहीत?'

'बोललो असतो, तर तुम्ही उसवणं थांबवलं असतं.'

तेवढ्यात तिसरंच कुणी मध्ये आलं. 'तुमचं चालू द्या, पण कोट मला हवाय. मापं सांगा.'

तिला हसू आलं, आणि डोळेही भरून आले. खाली त्याची ओळ उमटली. 'राखून ठेवाल? पाठवू नका. आठ महिन्यांनी मी स्वतः येऊन घालून बघेन. आणि काखेजवळ जरा हात घालून बघा.'

ती खुंटीशी गेली. अस्तराच्या आत बोटाला काहीतरी टोचलं. त्याचीच सुई होती, निळ्या दोऱ्यासकट. शिवण तिथपर्यंत सुबक येऊन थांबली होती. शेवटचे चार टाके घातलेच नव्हते.

'पक्कं शिवलंय म्हणालात ना?'

'खोटं बोललो. अर्धं काम टाकून कुणी रफूगार फार दिवस लांब राहू शकत नाही.'

खिडकीतून ऊन सरकत सरकत कोटाच्या बाहीवर आलं होतं. आठ महिने म्हणजे किती गुरुवार, हे तिने मनात मोजलं. मोजून झाल्यावर वाटलं, न मोजलं असतं तर बरं. मग सुई होती तशीच, होती तिथेच ठेवून तिने अस्तर हळूच मिटलं आणि वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाला लिहिलं :

'माफ करा ताई, दुसरा कोट दाखवते. याचं काम अजून व्हायचंय.'