चित्राबाहेरचे तुकडे

माणसाला बोलतं करायचं असेल तर त्याच्या हाताला काम द्यावं, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले. समोर बसवून "बोला" म्हटलं की माणूस तोंडात मिठाची गुळणी धरतो. तेच हातात काहीतरी असलं की नजर खाली जाते आणि जीभ सुटते. म्हणून आमच्या समुपदेशन केंद्रात मी चित्रकोडी वापरते. बाजारातली नाहीत. येणाऱ्यांकडून त्यांच्याच घरातला एखादा फोटो मागवते, मागच्या गल्लीतला छापखानेवाला तो जाड पुठ्ठ्यावर छापतो आणि साच्याखाली दाबून त्याचे तुकडे करून देतो. साचा एकच असल्यामुळे कुठल्याही कोड्याचे तुकडे तेवढेच भरतात.

केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकडं, आतल्या खोलीत गोल टेबल, चार खुर्च्या आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. जिना इतका अरुंद की वरून कोणी उतरत असलं तर खालच्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं.

ठमीला तिची आत्या घेऊन आली. ठमी हे घरातलं नाव. शाळेतल्या नावानं हाक मारलेली तिला आवडत नसे. वय अकरा. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी मुलखाची बडबडी, मैत्रिणींशी बोलायची, आत्याशी बोलायची, पहिल्या पाच मिनिटांत माझ्याशीही बोलली. फक्त वडिलांशी बोलत नव्हती. आईचे दिवस झाले त्या दिवसापासून एक शब्द नाही.

तिला बाहेरच्या बाकड्यावर बसवून आत्या आत आल्या.

"रुसवा म्हणावा तर रुसवा नाही," त्या म्हणाल्या. "पानावर बोलावलं की येते, जेवते, उठते. पण बाबा म्हणून हाक नाही. माझा भाऊ नाकासमोर चालणारा माणूस आहे हो, आतल्या आत खंगत चाललाय. शाळेचं वर्ष संपेपर्यंत फरक पडला नाही तर मी तिला माझ्याकडे नेणार. त्यानंच म्हटलंय तसं."

"त्यांनी?"

"म्हणाला, माझं तोंड बघून ती सुकत असेल तर घेऊन जा."

पुढच्या आठवड्यात बापलेक दोघं आले. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. नखांच्या कडांना तेलाचा काळा रंग कायमचा बसलेला. खुर्चीच्या टोकावर ते असे बसले, जणू कोणीतरी उठवायला येणार आहे. त्यांनी दिलेला फोटो घरातल्या बाहेरच्या खोलीतला होता. सोफ्यावर तिघं, मधे आई, आजारपणानं गाल बसलेले, पण हसरी. तिची नजर कॅमेऱ्यात नव्हती, जराशी बाजूला होती.

"मोबाइल टेबलावर लावून काढलेला आहे," वडील म्हणाले. "ती कधीच नीट कॅमेऱ्यात बघायची नाही."

दोघांनी दोन बाजूंनी तुकडे लावायला घेतले. मधे हात आले की ती आपला हात मागे घ्यायची. शेवटचा तुकडा बसला, चित्राच्या चारही कडा सरळ झाल्या, कुठे फट राहिली नाही.

टेबलावर दोन तुकडे उरले होते.

मातकट रंगाचं कापड, आणि एकावर अर्धं बटण. फोटोत कोणाच्याच अंगावर तसलं कापड नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या कोड्यातले मिसळले असतील म्हणून मी ते खणात टाकले.

पुढच्या वेळी तेच कोडं मी पुन्हा लावायला दिलं. डबा मीच भरला होता, मीच उघडला. चित्र पूर्ण झालं आणि या वेळी ओंजळभर तुकडे उरले.

संध्याकाळी मी छापखान्यात गेले. छापखानेवाल्यानं तुकडे हातात घेऊन मला परत दिले.

"मॅडम, कमी पडले म्हणाला असतात तर मान्य केलं असतं. आमच्याकडे उंदीर आहेत. पण जास्त? उंदीर आणून ठेवत नाहीत."

मी हसले. त्याच्याकडे ठमीच्या शाळेच्या खेळांचा फोटो दिला. उघडं मैदान, ऊन, रांगेत उभी पोरं. मातकट कापडाला तिथे जागाच नव्हती.

ते कोडं लावून झालं तरीही तुकडे उरले. उरलेल्या तुकड्यांवर ऊन नव्हतं. पडदे ओढलेल्या खोलीतला मंद, पिवळसर उजेड होता.

"हे एकमेकांत बसतात," ठमी म्हणाली. ती माझ्याकडे बघून बोलत होती. "खणातले पण द्या ना."

मी द्यायला नको होते असं आता कोणी म्हणेल. पण त्या खोलीत माझं काम एकच होतं, मुलीला जे करावंसं वाटतं ते तिला करू द्यायचं. मी खण उघडला. आत वास कोंडला होता, बरेच दिवस न उघडलेल्या आजाऱ्याच्या खोलीला असतो तसला. टेबलावर हळूहळू एक बाही तयार झाली. मग एक गुडघा. गुडघ्यावर सैल ठेवलेला हात.

वडील आपली खुर्ची उचलून तिच्या बाजूला येऊन बसले. त्यांनी एक तुकडा पुढे केला.

"हा इथला असेल."

"नाही. उलटा धर," ठमी म्हणाली.

त्यांनी तुकडा उलटा केला आणि तो बसला. वर्षभरात मुलगी बापाशी बोललेली ही पहिली दोन वाक्यं. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पंखा फिरत होता पण त्याची कुरकुर थांबली आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

त्यानंतर ते दोघं घाईनं जिना चढून यायचे. मी दिलेलं कोडं ते भराभर उरकायचे, कर्तव्य म्हणून, आणि मग डोक्याला डोकं लावून उरलेल्या तुकड्यांकडे वळायचे. बोलायचेही. हा तिकडचा, हा नको, थांब, कड बघ. आत्यांचा फोन आला. "काय जादू केलीत हो? काल स्वयंपाकघरात दोघं भांडत होते, भांडी कोणी घासायची म्हणून. मला रडूच आलं."

मी त्यांना तुकड्यांचं सांगितलं नाही. सांगणार काय?

एके दुपारी खुर्ची पूर्ण झाली. वेताची, डाव्या हाताला वेत सुटलेला. वडिलांचे हात थांबले.

"ही आमची खुर्ची आहे," ते म्हणाले. "सोफ्यासमोर असायची. ती गेल्यावर मी माळ्यावर टाकली."

"आई खुर्चीतल्या त्यांच्याशी बोलायची," ठमी म्हणाली.

त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

"रोज बोलायची. दुपारी. आणि तू म्हणालास, तिथे कोणी नाहीये. तिच्या तोंडावर म्हणालास. मग ती बोलायचीच बंद झाली. आपल्याशीसुद्धा."

"डॉक्टर म्हणाले होते बाळा, औषधांनी तसं होतं. मला खरंच काही दिसलं नव्हतं गं."

"आता?"

वडिलांनी टेबलाकडे बघितलं. मी मधे पडायला हवं होतं. अशा वेळी काय बोलायचं हे मला येतं, त्याचाच पगार मी घेते. पण मीही टेबलाकडेच बघत राहिले.

"आता दिसतंय," ते म्हणाले.

ठमी हुंदके देऊन रडायला लागली आणि त्यांच्या कुशीत शिरली. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, तेलकट नखांचा तो हात, खाली वर. मी पाण्याचा पेला भरायला उठले आणि तिच्या खांद्यावरून मला ते चित्र पहिल्यांदा उभ्यानं दिसलं. मानेच्या वर काही नव्हतं. पण बसणं पूर्ण होतं. किंचित पुढे झुकलेलं अंग, हात सैल, बोटं उघडी. समोरच्यानं बोलावं म्हणून असं बसायचं असतं. आम्हाला ते शिकवतात. मीही तशीच बसते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी खण कचऱ्याच्या टोपलीवर उपडा करायला धरला, आणि परत आत सरकवला. मुलगी बापाच्या कुशीत शिरली होती. ते मोडलं असतं तर मी आत्यांना काय तोंड दाखवणार होते?

मी दुसरं काहीतरी केलं. छापखान्यात जाऊन कोरा पुठ्ठा कापून मागितला. फोटो नाही, शाई नाही. दोन्ही बाजू पांढऱ्या. समोर उभी राहून कापून घेतला आणि डबा हातातून खाली न ठेवता केंद्रात आले.

ठमीनं डबा टेबलावर उपडा केला. पांढऱ्या तुकड्यांचा ढीग पडला. तिनं हलक्या हातानं तो पसरवला आणि त्यातून एक एक रंगीत तुकडा वेचून बाजूला काढला. फार नव्हते.

बापलेक ते खणातल्या तुकड्यांना जोडत गेले.

गळा. हनुवटी. कान.

शेवटचा तुकडा ठमीनं माझ्याकडे सरकवला. "हा तुम्ही लावा."

"मी कशाला? तुमचं आहे ना ते."

"लावा ना," वडील म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. आजवर मी ऐकला त्याहून पुष्कळ शांत.

मी लावला.

चेहऱ्यात भिण्यासारखं काही नव्हतं. उतारवयाचा, साधा. बाईचा की पुरुषाचा, सांगता आलं नसतं. ओठ मिटलेले. नजर कोणाचं तरी लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी, आणि मी बसले होते त्या बाजूला.

"घरी नेणार का हे?" मी विचारलं.

"नको," ठमी म्हणाली. "आम्हाला आता नाही लागत. आम्ही बोलतो ना."

वडिलांनी मान हलवली. शाळेचं वर्ष संपत आलं होतं, आत्यांकडे जायचा विषय निघाला नव्हता, यायची आता गरज नाही असं त्यांनाही वाटत होतं आणि मलाही. मी त्यांच्या फाइलीवर तसं लिहिलं. ठमीनं दप्तर पाठीला अडकवलं आणि दारापाशी जाऊन वळली.

"तुम्ही कोणाशी बोलता?"

"मी? माझं काम ऐकायचं आहे," मी म्हणाले. "बोलायचं नाही."

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

तिच्यामागून वडील निघाले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला आले होते आणि उंबऱ्याच्या आत उभी होते. जिन्याच्या तोंडाशी ते अचानक थबकले. ठमीला खांद्याला धरून त्यांनी जवळ ओढलं आणि दोघं अंग चोरून भिंतीला टेकून उभे राहिले. जिन्यावर कोणी नव्हतं. ठमीनं मान वर करून कोणाकडे तरी बघून हसल्यासारखं केलं.

मग वडिलांनी हात लांब करून आमच्या दाराची मूठ धरली. दार त्यांनी लगेच ओढलं नाही. आत येणाऱ्याचा मागचा पाय उंबऱ्यावरून निघेपर्यंत थांबावं, तेवढे थांबले. आणि मग हळूच लावून घेतलं.