बारावी भिंत

बसा. लाईट गेली म्हणजे तासभर तरी येत न्हाई. अमरेश, तू देगलूरहून आलेला, तुला या गल्लीतली गोष्ट कुणी सांगितली नसंल. खोली भाड्यानं देताना मी बी सांगत न्हाई. आज सांगतो.

माझा दोस्त हाय, संगप्पा. खालच्या कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. क्लासची पोरं नोट्ससाठी रात्री-बेरात्री शटर वाजवायची. गाव त्याचं किल्लारीच्या अलीकडं. त्र्याण्णवच्या भूकंपात बायको गेली अन सात वर्षांची पोरगी गेली, गौरा. त्या रात्री गणपती बुडवून आल्यावर पोरगी अंगणात बापाजवळ बाजेवर झोपली होती. गार वारं सुटलं म्हणून यानंच तिला उचलून आत नेऊन निजवलं. स्वतः बाहेर आडवा झाला. पहाटे चारला चार मिनिटं कमी... दगडामातीचं घर. संपलं.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं. रडला न्हाई. टँकर कवा येणार हे सांगावं, तसं सांगितलं. मग म्हणाला, "जलीलभाई, फोटो एकबी राहिला न्हाई. आता मला तिचं तोंडच आठवंना झालंय."



आता भिंतींचं ऐका. दोन हजार अठरा साली शहर रंगवायचं निघालं. मी जन्माचा पेंटर, आपल्या गल्लीचं काम मला मिळालं. उन्हाळाभर अकरा भिंती रंगवल्या. मोर काढला, सूर्यफुलं काढली, पुस्तकातून उडणारी पाखरं काढली, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली पोरगी काढली. बारावी भिंत हॉस्टेलच्या अलीकडची, लांबलचक. ती राहून गेली. रंग संपला, पुन्हा कुणी पाठवला न्हाई. कोरं सिमेंट तसंच.

लोक लांबून येऊन फोटो काढायचे. संगप्पा दिवसातून चार बार तिथूनच जायचा. एकदा मी विचारलं, "कसं झालंय काम?"

"कुठलं काम?"

चेष्टा करत न्हवता. चार महिने झाले होते, त्याला दिसलंच न्हवतं.

मग ती रात्र आली. एकोणतीस सप्टेंबर, शनिवार. उजाडलं की पंचवीस वर्षं पुरी. त्या तारखेला तो झोपत नसायचा. शटर अर्धं ओढून काम करत बसायचा. रविवारी सकाळी हॉस्टेलच्या पोरांची टेस्ट होती. पेपर छापून, गठ्ठा बांधून सव्वातीनला तो निघाला, वॉचमन अण्णारावकडं द्यायला. गल्लीत शिरला अन लाईट गेली.

त्यानं मोबाईलची बॅटरी लावली. उजेड भिंतीवर पडला. समोर मोर.

थांबला. पुढं सूर्यफुलं. तिथंबी थांबला. पाखरं एकेक मोजली म्हणं. मला नंतर म्हणाला, "आपल्या गल्लीत एवढं सगळं हाय, मला ठावंच न्हवतं." असं भिंतीभिंतीला थांबत शेवटच्या भिंतीपाशी आला.

तिच्यावर गाव होतं.

दगडी घरं, वर पांढऱ्या मातीची सपाट धाबी, मधून अरुंद बोळ. एका घराचं दार उघडं. दारात एक पोरगी, पाठमोरी. दोन वेण्या, लाल फिती. एक हात चौकटीला. आत अंधार.

जलीलभाईनं लई झ्याक काढलंय, असं त्याच्या मनात आलं. बस, एवढंच. गठ्ठा पोचवायचा होता, पुढं गेला.

अण्णाराव जागाच होता. त्यानं चहा पाजला. दोघं थोडा वेळ बसले. मग संगप्पा परत फिरला. लाईट आली न्हवती.

भिंतीपाशी आला. बॅटरी वर केली.

पोरीची मान वळली होती.

थोडीच. कान दिसत होता. कानात बाळी.

मगाशी नीट बघितलं नसंल, असं म्हणून त्यानं बॅटरी बंद केली. उभा राहिला. पुन्हा लावली.

गाल.

गल्लीत एक कुत्रं न्हाई. वारं न्हाई. पायाखाली काहीतरी घरघरत होतं... लांबून ट्रक यावा तसं. पण ट्रक येईना. घरघर जाईना.

पळावं वाटलं त्याला. पाय हलले न्हाईत. अन खरं सांगू? त्याला पळायचं न्हवतं. अजून थोडी वळली असती तर...

बॅटरी विझली. आपोआप.

अंधार.

अन अंधारातून, भिंतीकडून, झोपाळलेला आवाज...

"अप्पा... मी आत जाऊ?"

...

"मग?" असं विचारू नको अमरेश. थांब जरा.

पंचवीस वर्षांत त्या माणसाचा आवाज कधी चढला न्हवता. तो वरडला. अण्णारावनं हॉस्टेलच्या फाटकात ऐकलं.

"न्हाई! बाहेर थांब, गौरा. बाहेरच थांब!"

घरघर थांबली.

लाईट आली. मोबाईलवर तीन सत्तावन्न. समोर कोरं सिमेंट. क्लासचं एक फाटकं पोस्टर, बाकी काही न्हाई.

उजाडायच्या आत त्यानं माझं दार वाजवलं. विचारलं, "शेवटची भिंत तू कवा रंगवली?" मी म्हणलं, "रंगवलीच न्हाई." मग त्यानं सगळं सांगितलं, याच पायरीवर बसून. तेव्हाबी रडला न्हाई. शेवटी विचारलं, "तोंड दिसलं का रे?"

मग म्हणाला, "हाव."

पुढच्याच महिन्यात त्यानं दुकान सोडलं. आता गावाकडं, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावठाणात राहतो. घर चांगलं पक्कं हाय, पण हा बारा महिने बाहेर झोपतो. कडाक्याच्या थंडीतबी.

अन त्या सकाळी... आम्ही दोघं गेलो होतो भिंत बघायला. भिंतीला हात लावला. कोरडी ठणठणीत. मग मी खाली बघितलं. भिंतीसमोर फुटपाथचे सिमेंटचे ठोकळे हायत ना, तिथं दाराएवढी जागा शेणानं सारवलेली. या गल्लीत कुणाकडं जनावर न्हाई. सारवणात बोटं उमटलेली, गोल गोल. मी माझी बोटं वर ठेवून बघितली. माझ्या बोटांच्या निम्मी बी न्हवती.

सारवण ओलं होतं.