ओल्या लाखेतला सूर

वसईजवळच्या पापडी गावात जसिंता डाबरेच्या दुकानात हल्ली गिटारी दुरुस्त होत, तशा त्या ऐकल्याही जात. तिचा लाखवाचक दिसायला अगदी इस्त्रीसारखा होता. लाखेचं पॉलिश सुकताना आसपासच्या आवाजाची थरथर त्यात गोठून राहते, आणि हे यंत्र बारीक उजेडाने ती पुन्हा ऐकवतं. हे कळल्यापासून लोक जुनी वाद्यं घेऊन धावत होते. बहुतेकांच्या नशिबी काय, तर पॉलिशवाल्याचं खोकणं, नाहीतर शेजारचा कोंबडा!

सेलिनाने नवऱ्याची, बावतीसची, गिटार पुढे ठेवली. गिटारीच्या फळीवर दुधाळ धुकं साचलं होतं. शेजारी मुलगी आन्सिला उभी होती. तिचं लग्न रविवारवर आलं होतं. ती पोटात असताना बापाने तिच्यासाठी एक चाल बांधायला घेतली होती, आणि ती जन्मायच्या आधीच तो अपघातात गेला. सेलिनाला चाल अर्धीच आठवे. नवऱ्याची एवढी एक ठेव, तीही आपण विसरलो, हे तिला आजवर खात होतं.

"बावतीसला बजावलं होतं मी, वाळेपर्यंत हात लावू नको," जसिंता म्हणाली. "पण तुमचे हे वाजवणारे! भात शिजायच्या आधी ताट घेऊन बसतील. ओल्यात वाजवली, थर कच्चा राहिला, म्हणून तर आत दमटपणा शिरला."

"म्हणजे त्याचं वाजवणं आत असेल?"

"असेल. पण ऐक बाय, यंत्राच्या उबेने ओल जाते, धुकं जातं, आणि आवाजही सुटून जातो. एकदाच ऐकू येईल."

आन्सिलाने फोन रेकॉर्डिंगला लावला. सेलिनाने जसिंताला मानेनेच 'चालू कर' म्हटलं.

यंत्र फळीवरून सरकू लागलं. धुकं विरलं, खालचं लाकूड मधासारखं उजळलं. आधी पायाचा ठेका आला, मग तारेवर घासलेलं बोट, आणि मग ती चाल! देवा रे, तोच हात! सेलिनाने कान गिटारीजवळ नेला. आन्सिला तर पापणीही हलवेना.

अर्ध्यावर वाजवणं थांबलं. बावतीस हसला. "इथवरच जमलंय गं पोरी. उरलेली, तू आलीस की, दोघं मिळून बांधू."

मागून एका तरुण बाईचा आवाज आला, "आधी पॉलिश वाळू दे की!"

तो सेलिनाचाच, तेव्हाचा आवाज होता.

"मी विसरले नव्हते," ती पुटपुटली. "पुढे काही नव्हतंच गं!" आणि ती हसता हसता रडू लागली.

जसिंताने डोळे पुसले, कापडाचा बोळा लाखेत बुडवला आणि फळीवर नवा हात फिरवला. "वाळेपर्यंत कोणी..." सवयीने तिच्या तोंडून निघालं, पण ती मध्येच थांबली. "काय गायचं ते आत्ताच गाऊन घ्या."

मायलेकी ओल्या लाखेवर वाकल्या. सेलिनाने चाल गुणगुणली, बावतीस थांबला होता तिथवर आणली आणि लेकीकडे पाहिलं. आन्सिलाने श्वास आत घेतला. पुढचा सूर कोणता?